हिकामार्काचे बुडबुडे

१७. हिकामार्का : पेरूची राजधानी लिमाच्या पूर्वेस, उघड्याबोडक्या डोंगरांमधल्या खोऱ्यातील रेडिओ वेधशाळा. अमेरिकेच्या मानक संस्थेने ती १९६०-६१ मध्ये उभारली. १९६९ पासून ती पेरूच्या भूभौतिकी संस्थेकडे आहे. लेखक नुसते ‘अँटेना’ म्हणतो. प्रत्यक्षात ते सुमारे ३०० मीटर लांब-रुंद मैदान असून त्यावर १८,४३२ द्विध्रुव बसवले आहेत. चुंबकीय विषुववृत्त येथून जवळ असल्यामुळे पृथ्वीच्या चुंबकरेषा जवळजवळ आडव्या असतात, म्हणूनच ही जागा निवडली गेली.

‘बुडबुडे’ म्हणजे आयनांबरातील विरळ पोकळ्या. सूर्यास्तानंतर आयनांबराचा खालचा भाग झपाट्याने विरतो, कारण तेथे आयन व इलेक्ट्रॉन लवकर पुन्हा जुळतात. वरचा दाट थर मात्र टिकून राहतो. पाण्याखाली तेल कोंडावे तशी ही स्थिती. ती मोडली की विरळ भाग शेकडो किलोमीटर वर उसळतात. रोनाल्ड वुडमन आणि सेसार ला ओस यांनी १९७६ साली रडारच्या नोंदींतून त्यांची चित्रे प्रसिद्ध केली. मूळ मजकुरातील ‘वादळ’ हा शब्द दिशाभूल करतो. हवामानातील वादळाशी याचा संबंध नाही. बुडबुडे रोज उठत नाहीत, आणि आज उठतील का हे आदल्या दिवशी खात्रीने सांगता येत नाही. उठले, तर उपग्रहांचे संदेश त्यांतून येताना थरथरतात. पुढच्या परिच्छेदातील तुटक संदेशाचे कारण हेच. भारतात तिरुपतीजवळच्या गडंकी येथील ५३ मेगाहर्ट्झचे रडारही अशाच उलथापालथी टिपते.