उंदीर, हॅम्स्टर आणि स्त्री : स्टेरॉइडविरहित गर्भनिरोधकांच्या शोधाचा इतिहास

१९६० मध्ये अमेरिकेत पहिल्या गर्भनिरोधक गोळीला मान्यता मिळाली. तेव्हापासून 'गोळी म्हणजे हार्मोन' असे समीकरण रूढ झाले. परंतु त्याच काळात संशोधनाची दुसरी वाटही सुरू झाली होती. स्टेरॉइड नसलेली, पण इस्ट्रोजेनच्या कार्यात अडथळा आणणारी संयुगे हा तिचा विषय होता.

या वाटेचा आरंभ पांढऱ्या उंदराच्या मादीपासून झाला. तिचा गर्भकाळ सुमारे २२ दिवसांचा असतो. फलित बीज पहिले चार दिवस बीजवाहिनीतून गर्भाशयाकडे सरकते आणि पाचव्या दिवशी गर्भाशयाच्या अस्तरात रुजते. त्यासाठी प्रोजेस्टेरॉनने अस्तर तयार झालेले असावे लागते. शिवाय चौथ्या दिवशी बीजकोशातून थोडेसे इस्ट्रोजेन स्रवावे लागते. हे इस्ट्रोजेन मिळाले नाही तर बीज रुजत नाही. १९५८ मध्ये वर्णन झालेल्या 'एमईआर-२५' या संयुगाने उंदरांत गर्भधारणा रोखली, तेव्हा संशोधकांच्या आशा पल्लवित झाल्या.

मात्र मानवी चाचण्यांत दुष्परिणामांमुळे ते संयुग मागे पडले. क्लोमिफेनची कथा तर अधिक बोधप्रद आहे. या संयुगाने उंदरांत गर्भधारणा रोखली. स्त्रियांत मात्र त्याने बीजोत्सर्गाला चालना दिली! आज ते वंध्यत्वावरील औषध म्हणून परिचित आहे. इंग्लंडमध्ये १९६७ मध्ये हार्पर व वॉलपोल यांनी उंदरांत गर्भरोधक ठरविलेले टॅमॉक्सिफेनही पुढे स्तनाच्या कर्करोगावरील औषध झाले.

असे का घडले? उंदराच्या मादीत जे इस्ट्रोजेन अनिवार्य, ते सर्व प्राण्यांत तसे नसते. हॅम्स्टर हाही कृंतक वर्गातलाच प्राणी. तरी त्याच्या मादीत बीज रुजण्यासाठी बीजकोशातील इस्ट्रोजेन लागत नाही, प्रोजेस्टेरॉन पुरते. जिथे एका कृंतकाचा निष्कर्ष दुसऱ्याला लागू पडत नाही, तिथे तो स्त्रीला लागू पडेलच, असे कसे मानावे?

भारतीय प्रयत्न या पार्श्वभूमीवर पाहावा लागतो. लखनौच्या छत्तर मंझिल या जुन्या राजवाड्यात १९५१ मध्ये केंद्रीय औषध संशोधन संस्थेचे उद्घाटन झाले. तेथे डॉ. नित्यानंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सेंटक्रोमन तयार केले. समागमानंतर पहिल्याच दिवशी किलोग्रॅम वजनामागे १.२५ मिलिग्रॅमची एक मात्रा तोंडावाटे दिली असता उंदरांत गर्भधारणा टळली. फलित बीजाचा प्रवास वेगाने होतो आणि अस्तर मात्र त्याच्या स्वागताला तयार नसते. दोघांचा मेळ चुकतो, असे आढळून आले. परंतु संशोधक उंदरांवर थांबले नाहीत. कुत्री, माकडे आणि शेवटी स्त्रिया, असा टप्प्याटप्प्याचा प्रवास झाला. १९९१ मध्ये 'सहेली' बाजारात आली आणि २०१६ मध्ये 'छाया' या नावाने तिचा राष्ट्रीय कुटुंबनियोजन कार्यक्रमात समावेश झाला. औषध शरीरात दीर्घकाळ टिकत असल्याने पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि नंतर एकदाच गोळी पुरते. काही स्त्रियांत मासिक पाळी लांबते, हेही नमूद केले पाहिजे.

प्रयोगशाळेतील उंदीर प्रश्न योग्य रीतीने मांडतो. उत्तर मात्र स्त्रीच्या शरीरातच तपासावे लागते. म्हणूनच 'प्राण्यांवर सिद्ध झाले' हे वाक्य वर्गात शिकविताना 'कोणत्या प्राण्यावर, गर्भकाळाच्या कोणत्या दिवशी आणि किती मात्रेत' हे तीन प्रश्न त्याला जोडले पाहिजेत. क्लोमिफेन आणि सेंटक्रोमन यांच्या वाटा जिथे वेगळ्या झाल्या, तिथे याच प्रश्नांची उत्तरे दडलेली आहेत.