सहाणीची झीज

शेफील्डची सुरी जगभर खपे. पण तिला धार देणाऱ्या कारागिराची मिळकत सहाणीबरोबर झिजत असे. एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडमधील या शहरांतला शिकलगार बहुधा पगारी नोकर नसे. पाण्यावर वा वाफेवर फिरणाऱ्या यंत्राजवळची जागा तो भाड्यानें घेई; सहाणहि पदरच्या पैशानें आणी. सहाण लहान होई तसतसा तिच्या कडेचा वेग घटे आणि काम रेंगाळे. ती टाकावी कीं अजून चार दिवस रेटावी, हा हिशेब त्याच्याच माथीं.

पण झिजलेला दगड जाई कोठें? ओल्या सहाणीचा बराचसा चिखल होऊन खालीं बसे. जेवणाचे कांटे मात्र कोरड्या सहाणीवर घासले जात. ती धूळ थेट छातींत उतरे. कोरडें काम करणाऱ्यांचें सरासरी आयुष्य जेमतेम ३५ वर्षें, असें एंगल्सनें १८४५ सालीं नमूद केलें. धुळीपासून बचाव करणारीं साधनें निघालीं, तरी कित्येक कारागिरांनींच तीं झिडकारलीं: धोका टळला तर धंद्यांत माणसें वाढतील आणि मजुरी उतरेल! हिशेब क्रूर खरा, पण खुळा नव्हे. अखेर १८६७ च्या कायद्यानें सरकारी निरीक्षकाला धूळ ओढून नेणारा पंखा बसविण्यास भाग पाडतां येऊं लागलें.