घरघर

आभाळातून घरघर आली की आमच्याकडची म्हातारी माणसं आधी कान देतात आणि मगच मान वर करतात. माझी आज्जी तर मानही वर करायची नाही. तिचं माहेर नळदुर्गाजवळचं. १३ सप्टेंबर १९४८ला सोलापूरकडून भारताची फौज नळदुर्गात शिरली, तेव्हा ती नवी नवरी होती आणि माहेरी आलेली होती. पोलीस ॲक्शनच्या त्या दिवसांत वरून विमानं गेली आणि घरातल्या बायकांनी लेकरांना बळदात कोंबलं. पुढं जन्मभर ती आम्हाला सांगायची, "इमान आलं की बळदात बसायचं. वर काय बघायलास? वरचं कधी आपल्यासाठी येत नसतंय."

मी मात्र वरच बघत वाढलो. फार उंचावरून विमानाची पांढरी रेघ जायची, तेवढंच आमचं विमान. हेलिकॉप्टर फक्त पुस्तकातल्या चित्रात होतं. ते पहिल्यांदा जवळून पाहिलं १९९३ साली. मी अकरा वर्षांचा होतो.

आमचं गाव सास्तूरच्या अलीकडं, तेरणेच्या खोऱ्यात. आता ते लोहारा तालुक्यात मोडतं. तेव्हा तालुका उमरगा होता आणि जिल्ह्याचं नाव उस्मानाबाद. २९ सप्टेंबरला गणपती बोळवले. माणसं उशिरा येऊन, थकून आडवी झाली. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी धरणी हलली. आमची घरं म्हणजे दगडमातीच्या रुंद भिंती आणि वर माळवद. दर पावसाळ्याआधी माळवदावर नवी माती टाकायची, म्हणजे वर्षागणिक ओझं वाढायचं. उन्हाळ्यात हीच घरं गार राहायची म्हणून आम्हाला अभिमान होता. त्या पहाटे तीच माणसांवर बसली. लातूर आणि उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत मिळून दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. किल्लारी आणि सास्तूरसारखी बावन्न गावं जमीनदोस्त झाली.

आज्जी बळदाच्या भिंतीलाच अंथरूण टाकून झोपायची. ती तिथंच सापडली.

त्या दिवसांत पाऊस होता. सरपण ओलं, माणसं थोडी आणि सरणं फार. दादांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, आज्जीला अग्नी दिला. मी त्यांच्या शेजारी उभा होतो. तेवढ्यात घरघर ऐकू आली. आधी ढगांच्या आत, मग अगदी माथ्यावर. ढगातून एक काचेच्या तोंडाचं यंत्र खाली आलं आणि गावाबाहेरच्या मोकळ्या रानावर घिरट्या घालू लागलं.

मी पळालो. सरण तसंच जळत होतं आणि मी चिखलातून त्या यंत्राकडं पळत होतो. मी एकटाच नव्हतो, गावातली उरलेली सगळी पोरं पळत होती. वाऱ्यानं पिकं झोपली, डोळ्यांत पाणी आणि माती गेली, आणि आम्ही हसत होतो. हसलो हे मला पक्कं आठवतं. फौजी उतरले, त्यांनी आम्हाला हातानं मागं सारलं. मोडलेल्या कमरेची एक शेजारीण आणि पाय चेंगरलेला एक पोरगा, असे दोघं स्ट्रेचरवरून आत गेले. यंत्र उठलं आणि सोलापूरकडं निघून गेलं. मागं वळून पाहिलं तर दादा सरणापाशी उभे होते आणि इकडंच बघत होते.

त्यावरून ते मला कधी काही बोलले नाहीत. म्हणूनच ते माझ्या मनातून गेलं नाही. पुढं शिकायला सोलापूरला गेलो. तिथल्या रद्दीच्या दुकानात हेलिकॉप्टरवरची जुनी मासिकं मिळाली की मी घ्यायचो. मित्र म्हणायचे, गड्याला नाद लागलाय. नाद होताच. पण मला आधी एवढंच शोधायचं होतं, की आमच्या रानात त्या दिवशी उतरलं होतं ते काय होतं.

काचेचं तोंड, वर तीन पाती, झाकलेली शेपटी. ते चेतक होतं. चेतक मूळचं फ्रान्सचं. तिथं त्याचं नाव अलुएत. फ्रेंच भाषेत अलुएत म्हणजे चंडोल. हे वाचलं त्या दिवशी मला फार बरं वाटलं. चंडोल आमच्या रानातलाच पक्षी. ढेकळातून सरळ वर चढतो, एका जागी फडफडत राहतो आणि पुन्हा ढेकळातच उतरतो. नाव ठेवणाऱ्यानं नीट पाहून ठेवलं होतं.

हेलिकॉप्टरची सुरुवातही आपल्या अंगणाशी लागून आहे. १९४४च्या एप्रिलात ब्रह्मदेशाच्या जंगलात एक अमेरिकन वैमानिक आणि तीन जखमी ब्रिटिश शिपाई अडकले होते. आसामातल्या लालाघाटच्या तळावरच्या तुकडीचा कार्टर हार्मन सिकोर्स्की कंपनीचं हेलिकॉप्टर घेऊन तिकडं गेला आणि त्यानं त्यांना एकेक करून बाहेर काढलं. एका खेपेला एकच माणूस, कारण इंजिनात त्यापेक्षा जास्त उचलायची ताकदच नव्हती. युद्धात हेलिकॉप्टरनं माणसं सोडवल्याची ही पहिली गोष्ट मानतात. म्हणजे या यंत्राचं पहिलं मोठं काम मारण्याचं नव्हतं, उचलून आणण्याचं होतं.

भारतीय हवाई दलाकडं हेलिकॉप्टर आलं १९५४ साली, तेही सिकोर्स्कीचंच, एस-५५. तेव्हाची इंजिनं मोटारीसारखी, दट्ट्याची आणि जड. फ्रेंचांनी अलुएतमध्ये टर्बाइन घातलं. वजनाला हलकं आणि ताकदीला दांडगं. मोठा अलुएत पहिल्यांदा उडाला २८ फेब्रुवारी १९५९ला. पुढच्याच वर्षी तो हिमालयात देव तिब्बावर ६००४ मीटर उंचीवर उतरवून दाखवला. १९६२मध्ये करार झाला आणि १९६५पासून बेंगळुरूच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये तो तयार होऊ लागला. आपण त्याला राणा प्रतापाच्या घोड्याचं नाव दिलं. पुढं रशियाचं मोठं एमआय-८ आलं, त्याचं आपल्याकडचं नाव प्रताप. घोडा आधी आला आणि धनी मागून!

१९७१च्या डिसेंबरात बांगलादेशच्या लढाईत असंच एक अलुएत रॉकेटं बांधून रात्री नारायणगंजच्या तेलसाठ्यावर गेलं होतं. पण चेतकचं खरं आयुष्य गेलं ते निरोप, औषधं आणि जखमी वाहण्यात. चालवणाऱ्यासह सात माणसं, नाहीतर दोन स्ट्रेचर. आमच्या शेजारणीला आणि त्या पोराला जागा पुरली ती या हिशोबानं.

चेतकचा धाकटा भाऊ चीता. तो आपल्या लष्कराला उंच डोंगरात यंत्र हवं होतं म्हणूनच जन्माला आला. छोट्या अलुएतचा हलका सांगाडा आणि मोठ्याचं इंजिन असं जुळवलं. शेपटी नुसती सळ्यांची, वारा आरपार जातो. २१ जून १९७२ला ज्याँ बुले नावाच्या फ्रेंच वैमानिकानं हे यंत्र १२,४४२ मीटरवर नेलं. तिथं इंजिन विझलं. पाती वाऱ्यावर भिंगरीसारखी फिरत ठेवून गडी तेवढ्या उंचीवरून सुखरूप खाली आला. १९८४च्या एप्रिलात सियाचिनच्या बर्फावर आपले पहिले जवान नेले ते चीतानंच. तिथल्या विरळ हवेत एका खेपेला थोडकंच ओझं जातं. पण वर बसलेल्या पोराला घरचं पत्र आणि रॉकेलचा डबा त्याच खेपेत येतो.

आता गावाकडं परत येतो. भूकंपानंतर पुढाऱ्यांची हेलिकॉप्टरं येऊ लागली आणि निवडणुका आल्या की आणखी वाढली. मैदानावर पाणी मारायचं, धूळ बसवायची, फक्कीनं गोल काढून मधे इंग्रजी एच काढायचा. सभेला गर्दी यायची ती हेलिकॉप्टर बघायला. ते उडालं की मैदान रिकामं. भाषण काय झालं ते कुणालाच सांगता यायचं नाही, पण पाती किती होती ते पोरांना पाठ. दादा अशा सभेला कधी आले नाहीत. म्हणायचे, "ते आपल्या कामाला आलंय, आपल्या कामाला नाही." पहिलं आपल्या म्हणजे पुढाऱ्याच्या, दुसरं आपल्या म्हणजे आमच्या. आमच्या भाषेत हे बरोबर कळतं.

माझा एक मामेभाऊ बॉम्बे हायवर स्वयंपाक्या होता. त्याला जुहूहून पवनहंस समुद्रात नेऊन सोडायचं. त्याला हेलिकॉप्टर म्हणजे एसटी. पवनहंस निघालं १९८५ला, तेलविहिरींच्याच कामासाठी. त्यांनी इंग्रजांच्या मदतीच्या पैशातून वेस्टलँड कंपनीची २१ हेलिकॉप्टरं घेतली होती. दोन अपघात झाले, माणसं गेली आणि १९९१मध्ये ती सगळी उभी करून ठेवली. मोठ्या सौद्यातली नवी कोरी यंत्रं गंजली आणि फ्रान्सची डॉफिनं वर्षानुवर्षं माणसं वाहत राहिली.

जुन्या यंत्राची ओढ मला आहे, हे मी लपवत नाही. अजून चेतकचा आवाज मला डोळे मिटून ओळखता येतो. पण ही ओढ खाली उभ्या असलेल्या माणसाची आहे. २५ मे २०१७ला शेजारच्या निलंग्यात मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांचं हेलिकॉप्टर उडता उडता तारांत अडकून पडलं. आतली सगळी माणसं वाचली. ते तर चांगलं ठेवलेलं यंत्र होतं. मग साठच्या दशकातल्या आराखड्याचं यंत्र बर्फात चालवणाऱ्याच्या घरी काय वाटत असेल? चेतक आणि चीता पडत राहिले, तरणे वैमानिक जात राहिले. शेवटी २०१५मध्ये लष्करी अधिकाऱ्यांच्या बायकाच तेव्हाचे संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांच्याकडं गेल्या आणि ही हेलिकॉप्टरं बंद करा म्हणाल्या. ती बातमी वाचून माझ्या मासिकांच्या गठ्ठ्याकडं बघायची मला लाज वाटली. मी ज्याला चंडोल म्हणून कुरवाळत होतो, त्याच्यात बसून कुणाचा तरी नवरा रोज कामाला जात होता. आमच्या गावावर त्या ढगातून, त्या पावसात उतरलेलाही कुणीतरी तसाच होता. त्याचं नाव आम्ही विचारलं नाही.

२०२५च्या सप्टेंबरात आमच्याच जिल्ह्यात भूम-परंड्याकडं पूर आला. रानं खरडून गेली, जनावरं वाहून गेली, माणसं पाण्यात अडकली. तेव्हा पुन्हा हेलिकॉप्टरनं माणसं उचलली. आम्ही ते मोबाइलवर पाहिलं. दादांनी दोनदा मागं घेऊन पाहायला लावलं. मग म्हणाले, "आपल्या टायमाचं न्हाई हे."

त्याच हिवाळ्यात त्यांना गोव्याला घेऊन गेलो. देवदर्शन झाल्यावर वास्कोजवळ बोगमाळोला नौदलाचं विमान संग्रहालय आहे, तिथं नेलं. अंगणात उन्हात जुनी विमानं उभी आहेत, त्यांत एक चेतकही आहे. दादा त्याच्याभोवती एक फेरी मारून आले, जसं बाजारात बैल बघतात तसं. दाराच्या उंबऱ्याएवढ्या कडेशी हात धरला आणि म्हणाले, "लईच बारकं की रं हे. त्या दिशी केवढं वाटलं होतं."

बत्तीस वर्षं तोंडात असलेलं मी तिथं बोललो. म्हटलं, "दादा, आज्जीचं सरण सोडून मी पळालो होतो. हसत होतो."

ते जरा वेळ चेतककडंच बघत राहिले. मग म्हणाले, "म्याबी बघायलतोच की. आईला अग्नी देऊन हात मोकळे झालते. चार दिसापासून आपणच उकरायलो, आपणच जाळायलो. आवाज आला, वर बघितलं, वाटलं, कुणीतरी आलंय. तू पळालास ते बरंच केलास. मला पळता आलं नसतं."

मला आज्जीचं बोलणं आठवलं, वरचं कधी आपल्यासाठी येत नसतं म्हणून. तिच्या आयुष्यापुरतं ते खरं होतं. तिच्या सरणाच्या दिवशी मात्र ते आमच्यासाठीच आलं होतं, आणि ते घेऊन येणारा माणूस होता.

दादांनी चेतकच्या नाकावर थाप मारली आणि विचारलं, "आता त्या पोरांना नवं दिलंय का न्हाई?"

"द्यायलेत," मी म्हटलं, "हळूहळू."

"लवकर द्या म्हणावं," ते म्हणाले आणि सावली बघून बसले.