सहा महिन्यांच्या पथ्याची कुळकथा

‘प्रत्यारोपण’ या शब्दाच्या पोटात रोप आहे. पुणे जिल्ह्यातल्या कामथडीहून पश्चिमेला वेल्ह्याच्या डोंगरांकडे गेलं, की भाताचं रोप खाचरात जाण्याच्या कितीतरी आधी, ऐन उन्हाळ्यात राब भाजतात. शेण-पाल्याच्या त्या आगीत तणाचं बी उगवण्याआधीच जळतं. मूत्रपिंड बदललेल्या माणसाला निदान सहा महिने मिळणारी कोट्रायमॉक्साझोलची पांढरी गोळी याच जातीची आहे. हे पथ्य स्वच्छतेतून आलं असा समज असतो. खरं तर ते वेळेच्या हिशेबातून आलं.

१९५४ साली बोस्टनमध्ये जोसेफ मरे यांनी एका जुळ्याचं मूत्रपिंड दुसऱ्याला बसवलं, तेव्हा जंतुसंसर्गाचा हा प्रश्न नव्हता. एकसारख्या जुळ्यांत परकेपणाच नसतो. पुढे परक्या अवयवासाठी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं आली आणि रुग्ण जंतुसंसर्गाने दगावू लागले. पहिला उपाय सोवळ्याचा: बंद खोली, मास्क, निर्जंतुक कपडे. पण क्षयाचे जंतू किंवा सायटोमेगॅलो विषाणू अनेकदा शरीरातच दबा धरून असतात. त्यांच्यासाठी दार लावून काय उपयोग? वाट सापडली ती दुसऱ्याच दुखण्यात. १९७७ साली मेम्फिसच्या वॉल्टर ह्यूज यांनी कर्करोगाच्या ८० मुलांना ही गोळी आधीच दिली; एकालाही न्यूमोसिस्टिस न्यूमोनिया झाला नाही. न दिलेल्या ८० पैकी १७ जणांना झाला. १९८१ साली रॉबर्ट रुबिन आणि सहकाऱ्यांनी वेळापत्रकच मांडलं: पहिला महिना जखमेच्या आणि नळ्यांच्या संसर्गाचा, सहाव्यापर्यंतचे दबलेल्या जंतूंचे, पुढचे गावात सगळ्यांना होणाऱ्या आजारांचे.

आजार नसताना प्रतिजैविक दिलं तर जंतू निर्ढावतील, हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच गोळीला मुदत असते. अवयव नाकारला जाऊन औषधं वाढवावी लागली, तर ती पुन्हा सुरू होते. ‘झाल्यावर बघू’ हे मात्र महागात पडतं: क्षयावरचं रिफॅम्पिसिन प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या टॅक्रोलिमसचं रक्तातलं प्रमाण उतरवतं आणि रोग बरा करताना मूत्रपिंडच जाऊ शकतं. जिवंत जंतूंच्या लशीही शस्त्रक्रियेआधीच घ्याव्या लागतात. तेव्हा खाचरावर पोट असलेल्या रुग्णाला ‘चिखलात जाऊ नका’ एवढंच सांगणं म्हणजे पुन्हा जुनं सोवळं. कधीपर्यंत जायचं नाही, आणि नंतर जाताना गमबूट घालायचे, हे सांगितलं तरच तो पथ्य पाळेल.