होन्जो मासामुने : एका हरवलेल्या पात्याविषयी

डिसेंबर १९४५. महायुद्ध संपून चार महिने झाले होते आणि जपानवर अमेरिकी सैन्याचा अंमल होता. शस्त्रे जमा करण्याच्या हुकुमानुसार तोकुगावा घराण्याचे तत्कालीन प्रमुख इएमासा यांनी आपल्या संग्रहातील तलवारी टोकियोच्या मेजिरो पोलीस ठाण्यात नेऊन दिल्या. त्यांतले एक पाते १९३९ साली राष्ट्रीय ठेवा म्हणून घोषित झालेले होते. जानेवारी १९४६ मध्ये पोलिसांनी या तलवारी एका अमेरिकी सार्जंटच्या हवाली केल्या. त्याचे नाव 'कोल्डी बायमोर' असे सांगितले जाते. पण त्या नावाचा सैनिक अमेरिकी दप्तरांत सापडत नाही. जपानी कानाने ऐकलेले ते कुणा भलत्याच नावाचे रूप असावे, असा तर्क आहे. त्यानंतर ते पाते कोणाच्या दृष्टीस पडल्याची खात्रीलायक वार्ता नाही.

त्या पात्याचे नाव होन्जो मासामुने. यातला 'होन्जो' म्हणजे होन्जो शिगेनागा हा सोळाव्या शतकातला सरदार. लढाईत या तलवारीच्या घावाने त्याचे शिरस्त्राण फाटले, तरी तो वाचला आणि मारणाऱ्यालाच ठार करून त्याने ती हस्तगत केली, अशी परंपरा आहे. पुढे पैशाची निकड भासल्यावर त्याने ती विकली, आणि हस्ते-परहस्ते ती तोकुगावा शोगुनांकडे येऊन त्या घराण्याची वारसाखूण ठरली.

'मासामुने' हे घडवणाऱ्याचे नाव. तेराव्या शतकाच्या अखेरीस आणि चौदाव्याच्या आरंभी सागामी प्रांतातल्या कामाकुरा येथे तो काम करी. शिन्तोगो कुनिमित्सु हा त्याचा गुरू मानतात. गंमत अशी, की मासामुनेने सही केलेली पाती अगदी मोजकी आहेत, आणि तीही मुख्यतः आखूड कट्यारी. त्याच्या नावे प्रसिद्ध असलेल्या लांब तलवारींवर त्याचे नाव नाहीच. १८९६ साली इमामुरा चोगा या जाणकाराने वृत्तपत्रातून मासामुनेच्या थोरवीवरच शंका घेतली आणि मोठा वाद माजला. आज त्याचे अस्तित्व कोणी नाकारत नाही. पण बिनसहीची तलवार अमक्याचीच, हे ठरवायचे कसे, हा प्रश्न मात्र रास्त होता. त्याचे उत्तर पोलादात आहे.

जपानी तलवारीचे पोलाद लोहवाळूपासून होते. मातीच्या भट्टीत तीन दिवस आणि तीन रात्री लोहवाळू आणि कोळसा आळीपाळीने टाकत राहायचे, मग भट्टी फोडून आतला ओबडधोबड गोळा काढायचा. त्यात कुठे कर्ब जास्त, कुठे कमी, मध्येच मळी. लोहार त्यातले निवडक तुकडे घेतो, घणाखाली चपटे करतो, घडी घालतो, पुन्हा ठोकतो. पंधरा घड्या घातल्या तर हिशेबाने ३२,७६८ थर होतात. या आकड्याभोवती चित्रपटांनी बरीच जादू रचली आहे. वस्तुतः घड्या घालायच्या त्या मळी बाहेर काढण्यासाठी आणि कर्ब सारखा पसरवण्यासाठी. मुळातले पोलाद एकजिनसी असते तर एवढा खटाटोप करावाच लागला नसता.

खरी कसोटी पुढे आहे. आपल्याकडे हत्याराला 'पाणी देणे' म्हणतात, तेच हे. पाते घडून झाल्यावर त्यावर माती आणि कोळशाची पूड यांचा लेप देतात : पाठीकडे जाड, धारेकडे पातळ. मग अंधाऱ्या भट्टीशाळेत पाते तापवायचे (अंधार अशासाठी, की तापलेल्या लोखंडाचा रंग डोळ्याने अचूक जोखता यावा) आणि नेमक्या क्षणी पाण्यात बुडवायचे. पातळ लेपाखालची धार झटक्यात थंड होऊन कडक होते. पाठ सावकाश निवते आणि चिवट राहते. कडक होताना धारेचे पोलाद किंचित फुगते, म्हणून पाते पाठीकडे वाकते. तलवारीचा डौलदार बाक बराचसा याच क्षणाचा. याच क्षणी पात्याला तडाही जाऊ शकतो, आणि मग महिन्यांची मेहनत फुकट. कडक आणि मऊ पोलादाच्या सीमेवर दुधाळ लाटेसारखी रेषा उमटते. तिला हामोन म्हणतात. मासामुनेच्या पात्यांत या रेषेवर दव पडावे तसे चमकदार कण दिसतात आणि त्यांतून विजेसारखे तेजस्वी धागे धावतात. नाव कोरणे कोणालाही जमते. अशी रेषा साधणे फार थोड्यांना.

ही रेषा वाचण्याचे शास्त्र होनआमी घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या जोपासले. मूळ धंदा पाती घासण्याचा, म्हणजे आपल्या शिकलगारांसारखाच. पण घासता घासता त्यांची नजर अशी तयार झाली, की त्यांचे प्रमाणपत्र म्हणजे शेवटचा शब्द ठरू लागला. १७१९ साली शोगुन योशिमुनेच्या आज्ञेवरून त्यांनी नामांकित तलवारींची यादी सादर केली. तिच्यात आगीत जळालेल्या तलवारीही आहेत, आणि हे आम्हांस विशेष वाटते. १६१५ साली ओसाकाचा किल्ला पडला, १६५७ साली एदो शहर जळाले. त्या आगींत पात्यांचे पाणी उतरले, रेषा पुसल्या गेल्या. काहींना यासुत्सुगु या लोहाराने पुन्हा पाणी दिलेही. पण उमटली ती त्याची रेषा, मूळ कारागिराची नव्हे.

१९४५ च्या हुकुमाने एकूण किती पाती वितळली, समुद्रात बुडाली वा सैनिकांच्या सामानातून परदेशी गेली, याचा हिशेब लागणे अवघड आहे. होनमा जुंजी आदी अभ्यासकांनी अमेरिकी अधिकाऱ्यांची समजूत घातली, की सैनिकी कारखान्यांतली तलवार आणि मासामुनेचे पाते यांना एकाच मापाने मोजू नये. कलामूल्य असलेल्या तलवारी परवान्याने बाळगण्याची मुभा १९४६ साली मिळाली. १९४८ साली या कलेच्या जतनासाठी संस्था उभी राहिली. १९७७ पासून त्याच संस्थेने शिमाने प्रांतात लोहवाळूची भट्टी पुन्हा पेटवली. होन्जो मासामुनेच्या दृष्टीने ही समजूत काही महिने उशिरा पटली. जो मालक इतरांच्या आधी नियम पाळून मोकळा झाला, त्याचीच तलवार गेली.

पाते वितळले नसेल, तर ते आजही ओळखता येईल. लांबी सुमारे ६५ सेंटिमीटर, आणि हामोनचे जुने रेखाटन उपलब्ध आहे. एखाद्या माळ्यावर गंज खात पडलेले पाते जाणकार शिकलगाराच्या हाती आले, तर तो प्रथम बोटभर जागाच घासून पाहील. गंज खोल गेला नसेल, तर रेषा खालून वर येईल. मात्र कोणी कधी ते विस्तवात लाल होईपर्यंत तापवले असेल, तर घासूनही तिथे काही दिसणार नाही.