ओव्याचे फूल : एका नावाचा इतिहास

संस्कृतात ओव्यास 'यवानी' म्हणतात. पाणिनीच्या सूत्रावरील कात्यायनाच्या वार्तिकानुसार 'यवानी' म्हणजे सदोष यव. व्याकरणात असा हीनार्थ वाहणारे हे नाव वैद्यकात मात्र एका गुणवान द्रव्यास मिळालेले आहे. सोळाव्या शतकातील 'भावप्रकाशा'त ओवा दीपन, पाचन व कृमिनाशक सांगितला आहे. महाराष्ट्रात बाळंतिणीच्या खोलीत ओव्याची धुरी देण्याची रीतही जुनीच होय.

ओव्याचे दाणे पाण्यासह उकळून अर्क काढला, की तो निवताना त्यावर स्फटिक जमतात. पुण्याच्या व दख्खनच्या इतर बाजारांत हे स्फटिक 'अजवान का फूल' या नावाने विकले जात, अशी नोंद फ्ल्युकिगर व हॅनबरी यांच्या १८७४ सालच्या 'फार्माकोग्राफिआ' या ग्रंथात आढळते. येथे 'फूल' हा शब्द 'गंधकाचे फूल' यातल्याप्रमाणे शुद्ध, स्फटिकरूप सार या अर्थी योजिलेला आहे. द्रव्य वेगळे काढण्याची क्रिया आणि तिच्या फलाचे नाव ही दोन्ही बाजारास अवगत होती.

युरोपात नॉयमान यांनी १७१९ साली थाइमच्या तेलातून असेच स्फटिक मिळविले होते. ओव्याचे फूल व ते द्रव्य, म्हणजेच थायमॉल, ही एकच होत, हे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास स्टेनहाउस व हेन्स यांच्या परीक्षणांतून निश्चित झाले. लिस्टर यांनी १८६७ साली कार्बॉलिक आम्लाचा जंतुघ्न उपयोग प्रसिद्ध केल्यावर थायमॉलचे महत्त्व वाढले. कारण तेही फिनॉलवर्गीयच आहे. जंतूंच्या पेशीपटलात शिरून ते त्याची घडी विस्कटते व आतील द्रव्ये बाहेर झिरपतात. अंकुशकृमींवरही ते दीर्घकाळ वापरले गेले. १९०९ साली स्थापन झालेल्या रॉकफेलर स्वच्छता आयोगाने अमेरिकेच्या दक्षिण भागात तेच औषध योजिले. पुढे कमी त्रासदायक औषधांनी त्याची जागा घेतली.

या व्यापारात भारताच्या वाट्यास कच्चा मालच आला. दाणे जर्मनीस जात व थायमॉल तेथे तयार होई. १९१४ साली महायुद्धाने हा मार्ग खुंटला, तेव्हा येथे उत्पादनाचे प्रयत्न सुरू झाले. ज्या देशाच्या बाजारात हे 'फूल' आधीपासून विकले जात होते, त्यालाच ते नव्याने उद्योग म्हणून उभारावे लागले.

'कृमिनाशक' या शब्दावरून प्राचीनांस आजचे जीवाणू ठाऊक होते, असे अनुमान काढणे सयुक्तिक नव्हे. तथापि उपपत्ती नव्हती म्हणून ज्ञानही नव्हते, हे म्हणणे तितकेच चुकीचे ठरेल. गुण अनुभवाने जाणला गेला, सार हाताने वेगळे केले गेले. कारण मागाहून कळले. 'फूल' हा शब्द यांपैकी दुसऱ्या पायरीची साक्ष देतो.