मेद आणि अष्ठीला-कर्करोग : एका उपेक्षित दुव्याचा इतिहास

अष्ठीला ग्रंथीच्या, म्हणजे व्यवहारात जिला प्रोस्टेट म्हणतात तिच्या, कर्करोगाचा इतिहास बहुधा १९४१ पासून सांगितला जातो. शिकागो विद्यापीठातील चार्ल्स हगिन्स व क्लॅरेन्स हॉजेस यांनी त्या वर्षी असे दाखविले की, वृषणोच्छेदनाने अथवा इस्ट्रोजेन दिल्याने शरीरभर पसरलेला हा रोगही ओसरू लागतो. हगिन्स यांस १९६६ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले ते यथायोग्यच होय. परंतु या यशाने संशोधकांची दृष्टी पौरुषजन संप्रेरकांवर अशी खिळली की, पेशीतील मेदाचा विचार दीर्घकाळ मागे पडला.

वस्तुतः पुरावा हाताशी होता. वाढलेल्या अष्ठीलेतील कोलेस्टेरॉल निरोगी ग्रंथीतील प्रमाणाच्या सुमारे दुप्पट असते, अशी नोंद स्वायर यांनी १९४२ मध्येच केली होती. ही वाढ कर्करोगाची नव्हे, सौम्य प्रकारची होती, हे येथे विसरता कामा नये. पुढे १९५३ मध्ये मेडीस, टॉमस व वाइनहाउस यांनी अर्बुदांचे काप तपासले आणि ती मेदाम्ले स्वतःच घडवितात असे दाखविले. प्रौढ शरीरातील बहुतेक पेशी आहारातून आलेल्या मेदावरच भागवीत असल्याने या शोधाचे महत्त्व मोठे होते. हगिन्स, स्वायर व मेडीस यांचे हे तिन्ही निबंध ‘कॅन्सर रिसर्च’ या एकाच नियतकालिकात आले. तेव्हा माहिती पोहोचली नाही, ही सबब येथे चालणार नाही.

नामकरणाचा भागही उद्बोधक आहे. स्तनाच्या कर्करोगात आढळलेले एक प्रथिन काही वर्षे ‘ओए-५१९’ या केवळ सांकेतिक नावाने ओळखले जात होते. १९९४ मध्ये कुहाज्दा व सहकाऱ्यांनी ते मेदाम्ले घडविणारे एंझाइमच आहे, अशी ओळख पटविली. लगेच १९९५ मध्ये अष्ठीला-कर्करोगाच्या प्रगतीशी त्याचा संबंध नोंदविला गेला. सांकेतिक आकड्याच्या जागी कार्यदर्शक नाव येताच विखुरलेली निरीक्षणे जुळू लागली.

या ग्रंथीची घडणही विलक्षण आहे. निरोगी अष्ठीलेतील पेशी जस्त साठवितात. त्या जस्तामुळे सायट्रेटचे ज्वलन अडते व ते स्रावात उतरते. कर्करोगात जस्त घटते, आणि सायट्रेट ऊर्जेसाठी व मेदनिर्मितीसाठी खर्च होऊ लागते.

बेल्जममधील लूव्हेन येथे स्विनेन व सहकाऱ्यांनी १९९६-९७ मध्ये निर्णायक दुवा जोडला. पौरुषजन दिले असता संवर्धित कर्कपेशींत मेदाचे थेंब साचतात आणि मेदाम्ले घडविणारे एंझाइम वाढते, असे त्यांना आढळले. म्हणजे हगिन्स यांनी ज्या संप्रेरकाचा पुरवठा तोडला, त्याचीच आज्ञा मेदनिर्मितीवर चालत होती. वृषणोच्छेदनानंतर पुन्हा उफाळणाऱ्या रोगाविषयी २००८ मध्ये लॉक व सहकाऱ्यांनी याहून विस्मयकारक निष्कर्ष मांडला : अशी अर्बुदे पौरुषजन स्वतःच तयार करू शकतात. आणि पौरुषजनाची घडण होते ती कोलेस्टेरॉलपासूनच.